जाताना सुतासारखा सरळ, येताना शेपूट हलवणारा ट्रेलर

तक्रार एका वाक्यात सांगता येईल. जाताना ट्रेलर सुतासारखा सरळ मागे यायचा, आणि परतीच्या वाटेवर उतार लागून वेगाचा काटा नव्वदीकडे सरकला की डोलायला लागायचा. दर वेळी. रस्ता तोच, गाडी तीच, चालवणारा मीच. पहिल्यांदा मी वाऱ्याला दोष दिला. दुसऱ्यांदा शेजारून सुसाट गेलेल्या ट्रकला. तिसऱ्या खेपेनंतर खिशात हात घातला आणि घर्षणावर चालणारा स्वे कंट्रोल बार, म्हणजे डोलणं आवरणारी पट्टी, आणून लावला. चौथ्या खेपेनंतर वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे, म्हणजे गाडी-ट्रेलर जोडून वजन पुढे-मागे वाटून देणाऱ्या सांध्याचे, स्प्रिंग बारच बदलले आणि अधिक जाड घेतले. पाचव्या खेपेला ट्रेलर आणखी वाईट डोलला. वर खड्ड्यांवर गाडी आता दणके खायला लागली होती, ते वेगळंच.

हिचमध्ये दोष नव्हता. मी तो कुठल्या वजनासाठी घेतोय हेच मला माहीत नव्हतं. ट्रेलरच्या कागदावर जे वजन छापलं होतं त्यावरून आणि दुकानातल्या तक्त्यावरून निवड केली होती, वजनकाट्यावर एकदाही गेलो नव्हतो. हे सगळं लिहितोय ते त्यासाठीच. हिच बदलूनही ज्यांचा त्रास परत परत येतो, त्यांनी नवीन हिच शोधण्याआधी एवढं वाचावं.

डोलणं की आणखी काही?

आधी दुखणं नीट ओळखायला हवं, कारण मागून काहीतरी होतंय एवढ्या एका जाणिवेखाली चार वेगळे आजार लपलेले असतात.

मोठा ट्रक बाजूने गेला, ट्रेलर एकदा ढकलला गेला आणि एका-दोन हेलकाव्यांत शांत झाला, तर तो हवेचा धक्का आहे. चांगल्या स्वे कंट्रोलने तो कमी जाणवतो, पण काळजीचं कारण नाही. हेलकावे शांत होण्याऐवजी वाढत गेले, विशेषतः उतारावर, तर तो खरा स्वे. त्यावर आज उपाय झाला पाहिजे. स्टिअरिंग हलकं वाटतंय, गाडीचं बूड खाली बसलंय आणि समोरचे लोक तुमच्या दिव्यांनी वैतागून डिपर मारताहेत, तर वजन पुढच्या चाकांवरून उठलंय. आणि गाडी-ट्रेलर मिळून घोड्यासारखे खालीवर नाचत असतील, तर तो स्वे नाहीच. तिथे बहुतेक वेळा शॉक ॲब्सॉर्बर थकलेले असतात किंवा स्प्रिंग बार गरजेपेक्षा कडक असतात.

माझ्याकडे दुसरा आणि चौथा आजार एकत्र नांदत होता. तिसरा मी जाड बारांनी बरा केला असं समजत होतो.

काट्यावरची तीन वजनं

वजनकाटा शोधा. प्रत्येक ॲक्सलचं वजन वेगळं दाखवणारा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर पट्ट्यावर आधी फक्त पुढची चाकं, मग पुढची-मागची दोन्ही, असं करत वजाबाकीने काम भागतं. गाडीत रोज प्रवासाला असतात तेवढी माणसं, सामान आणि इंधन हवं. रिकाम्या गाडीच्या वजनाला इथे काडीची किंमत नाही.

तीनदा वजन करायचं. एकदा ट्रेलर सोडून नुसती गाडी. एकदा ट्रेलर जोडून, पण स्प्रिंग बार काढून. एकदा बार लावून, रोज ताणता तेवढेच ताणून.

निघतानाच्या भाराचे माझे आकडे असे आले. नुसती गाडी: पुढे १४०० किलो, मागे १४००. ट्रेलर जोडला, बार नाहीत: पुढे १२५१, मागे १९२१, ट्रेलरच्या ॲक्सलवर २६२८. आता गाडीची दोन ॲक्सल मिळून ३१७२ झाली, म्हणजे एकट्या गाडीपेक्षा ३७२ जास्त. हे ३७२ किलो म्हणजे टंग वेट, ट्रेलरच्या नाकाचा बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीच्या गोळ्यावर, पडणारा भार. ट्रेलरचं एकूण वजन २६२८ अधिक ३७२, बरोबर ३०००. टक्का निघतो १२.४. बॉलवर ओढल्या जाणाऱ्या अशा ट्रेलरसाठी १० ते १५ टक्के हा सर्वसाधारण नेम धरतात, त्यामुळे जातानाचं चित्र छानच होतं.

आता बघा, बॉलवर ३७२ किलो आले, पण मागच्या ॲक्सलवर ५२१ वाढले आणि पुढचा १४९ ने हलका झाला. हे वरचे १४९ आले कुठून? बॉल मागच्या ॲक्सलच्याही मागे, माझ्या गाडीत १.२ मीटरवर आहे. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलांमधलं अंतर, ३ मीटर. मागचं ॲक्सल हा टेकू आणि गाडी ही तरफ. मागच्या टोकाला दाब दिला की पुढचं टोक उचललं जातं: ३७२ गुणिले १.२ भागिले ३, म्हणजे १४९. बॉल जितका मागे आणि व्हीलबेस जितका आखूड, तितका हा खेळ वाईट. म्हणूनच तेवढाच ट्रेलर एका गाडीला सोसतो आणि दुसरीला सोसत नाही. पुढच्या चाकांवर १४९ किलो कमी म्हणजे वळवायला आणि ब्रेक लावायला तेवढी पकड कमी.

स्प्रिंग बार या तरफेला उलटा पीळ देतात. हातगाडीचे दांडे धरून वर उचलले की पुढचं चाक जमिनीत रुततं, तसंच काहीसं. बारांचं एक टोक हिचच्या डोक्यात अडकलेलं, दुसरं ट्रेलरच्या ए-फ्रेमवर, म्हणजे नाकाकडच्या त्रिकोणी सांगाड्यावर, साखळीने किंवा कंसाने वर ताणलेलं. त्या ताणाने मागच्या ॲक्सलवरचा काही भार पुढे जातो आणि काही मागे, ट्रेलरच्या चाकांवर. पुढचं हरवलेलं वजन अर्धं परत आणायचं म्हटलं तर माझ्या मापांनुसार पुढे १३२५, मागे १८११ आणि ट्रेलरवर २६६४ असं व्हायला हवं. बेरीज तिन्ही वेळा ५८००. वजन कुठेही नाहीसं होत नाही, फक्त वाटून घेतलं जातं.

बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत पुढचं किती वजन परत आणायचं हे लिहिलेलं असतं. अनेक कंपन्या साधारण निम्मं सांगतात, काही अधिक. काही पुस्तिका तर असा हिच लावूच नका म्हणतात, आणि ते मुकाट्याने मानावं, कारण मागच्या चेसीला तो पीळ झेपेल असं तिथे गृहीतच धरलेलं नसतं. माझ्या पुस्तिकेत निम्मं होतं. मी मात्र जाड बार ताणून ताणून पुढचं पूर्ण १४०० करून ठेवलं होतं आणि वर स्वतःची पाठ थोपटली होती. पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची एकट्या गाडीइतकी आली, म्हणजे जमलं, असा माझा समज.

परतीचे आकडे

पाचव्या खेपेनंतर घरी न जाता थेट काट्यावर गेलो. काहीही उतरवलं नाही, टाक्या होत्या तशाच ठेवल्या.

ट्रेलर २९३५ किलो. टंग वेट २६२. टक्का ८.९.

निघताना १२.४ आणि येताना ८.९. ट्रेलरचं एकूण वजन जेमतेम ६५ किलोंनी उतरलं होतं, नाकावरचा भार मात्र ११० ने. हे कोडं कागदावर सोडवलं तर पाच मिनिटांत सुटतं. बॉलपासून ट्रेलरच्या दोन ॲक्सलांच्या मध्यापर्यंत अंतर ५ मीटर. पिण्याच्या पाण्याची टाकी त्या मध्याच्या १ मीटर पुढे, १६० लिटरची. जाताना भरलेली, येताना रिकामी. १६० गुणिले १ भागिले ५, म्हणजे नाकावरून ३२ किलो गेले. सांडपाण्याची टाकी मध्याच्या दीड मीटर मागे, १४० लिटर. जाताना रिकामी, येताना काठोकाठ. ही नाकाला उचलते: आणखी ४२ गेले. पुढच्या पेटीतलं ४५ किलो जळण आणि खाणंपिणं, मध्यापासून ४ मीटर पुढे, संपलेलं: आणखी ३६. बेरीज ११०. प्रवासात सगळी वजनं एकाच दिशेला, पुढून मागे, गेली होती आणि एकही बाहेरून दिसत नव्हतं.

मागे जड झालेला ट्रेलर डोलतो, हे या विषयातलं सगळ्यात पक्कं सत्य आहे. वेग वाढतो तसं हेलकावे विझवण्याचं बळ कमी होत जातं आणि एका वेगानंतर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा येतो. नाकावर भार कमी आणि वजन शेपटाला जास्त, की तो वेग खाली घसरतो. जाताना तो माझ्या नेहमीच्या वेगाच्या बराच वर असावा, येताना ऐन उतारावर गाठला जात होता.

आणि यात माझ्या जाड बारांनी तेल ओतलं. परतीच्या वेळी बार तितक्याच कड्यांवर ताणलेले, पण नाकावर भार शंभराहून अधिक किलो कमी. काट्यावर पुढे १४२५ आले, एकट्या गाडीपेक्षाही २५ किलो जास्त! मागे १५७४ आणि ट्रेलरवर २७३६. याच भाराला बेताने ताणलेले बार असते तर मागच्या ॲक्सलवर याहून जास्त वजन राहिलं असतं. डोलणाऱ्या ट्रेलरला आवरतात ती मागचीच चाकं, आणि मी त्यांच्यावरचं वजन काढून पुढे नेऊन ठेवत होतो. पुढचं ॲक्सल ट्रेलर जोडल्यावर एकट्या गाडीपेक्षा जड होता कामा नये, हा नियम मी आता मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. गाडीचं बूड वर आलेलं दिसतं, डोळ्यांना बरं वाटतं, आणि नेमकं तिथेच फसायला होतं.

याच जातीची दुसरी फसवणूक एअरबॅगची. मागच्या सस्पेन्शनमध्ये हवेच्या पिशव्या बसवल्या की गाडी सपाट दिसते. पण त्यांनी फक्त उंची वाढते, पुढच्या चाकांवर वजन परत जात नाही. दोन्ही वापरायचं असेल तर आधी पिशव्यांत किमान हवा ठेवून बार लावायचे, वजन जमवायचं, मग हवेने थोडं समतोल करायचं. गाडीला स्वतःची पातळी राखणारं सस्पेन्शन असेल तर मोजताना ते बंद करायचं की चालू ठेवायचं, हे पुस्तिकाच सांगेल.

काटा दूर असेल तर

फक्त टंग वेट घरी मोजता येतं. अंघोळीनंतर ज्यावर उभं राहतो तो वजनाचा काटा आणि एक जाड फळी पुरते. फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, दोन्ही टेकूंवर, फळीखाली, पाइपाचा तुकडा. कपलर, म्हणजे ट्रेलरच्या नाकाचा बॉलवर बसणारा भाग, फळीवर असा टेकवायचा की विटेपासून एक हात आणि काट्यापासून दोन हात अंतर राहील. काट्यावर नाकाच्या भाराचा तिसरा हिस्सा येतो. तीनने गुणा. फळीचं वजन आधी बघून वजा करायला विसरू नका, आणि फळी, काटा, वीट यांची एकूण उंची इतकी ठेवा की ट्रेलर जोडलेला असताना असतो तसाच आडवा सपाट राहील. नाक वर किंवा खाली असेल तर आकडा खोटा येतो. ट्रेलरच्या चाकांना आधी उटी लावा, हे सांगायला नकोच.

मोजायचं मात्र दोनदा: निघतानाच्या भाराला आणि परतीच्या भाराला. पाण्याच्या टाक्या भरून-रिकाम्या करून हे दारात उभ्या उभ्या करता येतं. मी पाच प्रवास केल्यावर शिकलो.

मग हिच कुठला घ्यायचा

पहिला प्रश्न बारांच्या आकड्याचा. बारांवर पौंडांत क्षमता लिहिलेली असते, ६००, ८००, १०००, १२०० अशी, आणि १००० पौंड म्हणजे साधारण ४५४ किलो. हा आकडा ट्रेलरच्या वजनाचा नाही, नाकावरच्या भाराचा. त्यात गाडीच्या मागच्या ॲक्सलच्या मागे ठेवलेलं सामानही धरायचं, कारण तेही तरफेच्या त्याच टोकाला बसतं. माझं होतं ३७२ अधिक डिकीतले ५०, म्हणजे ४२२ किलो, साधारण ९३० पौंड. माझे पहिले बार ८०० चे, ते खरोखरच कमी पडत होते. नंतरचे १२००, ते अतिरेकी. हवे होते १०००.

जास्त क्षमतेचा घेतला तर बरंच, असं दोराला किंवा दोरखंडाला लागू पडतं. स्प्रिंगला नाही. कडक बार खळग्यात वाकत नाही, त्यामुळे गाडी-ट्रेलरमधला कोन बदलला की ताण एकदम वाढतो किंवा एकदम नाहीसा होतो. तो दणका रिसीव्हरला, म्हणजे गाडीच्या मागच्या ज्या खोबणीत हिच बसतो तिला, आणि ट्रेलरच्या फ्रेमला जातो. मी खाल्लेले दणके हेच होते.

दुसरा प्रश्न: या साखळीतली सगळ्यात कमजोर कडी कुठली? रिसीव्हरच्या पट्टीवर बहुतेक वेळा दोन आकड्यांच्या जोड्या असतात, एक नुसत्या बॉलवर भार घेताना आणि एक वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावल्यावर. दुसरी मोठी असते. पण ती फक्त रिसीव्हरची आहे. गाडीची ओढण्याची मर्यादा, दाराच्या चौकटीवर लिहिलेली माणसं-सामानाची मर्यादा, बॉल, कपलर, या प्रत्येकाचा आपला आकडा असतो आणि सगळ्यांत लहान आकडा खरा. महागातला महाग हिच लावला तरी गाडीची मर्यादा एका किलोनेही वाढत नाही. टंग वेट माणसं-सामानाच्या मर्यादेत मोजलं जातं, हे तर बहुतेकांना ती मर्यादा ओलांडून झाल्यावर कळतं.

बॉलचा व्यास कपलरवर कोरलेला असतो. जड ट्रेलरना बहुधा २ ५/१६ इंच लागतो, मधल्यांना २ इंच. दोन इंची बॉल मोठ्या कपलरमध्ये बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्याला निसटतो. इथे अंदाजाला जागा नाही.

तिसरा प्रश्न स्वे कंट्रोलचा, आणि इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण सगळे एकाच नावाने विकले जातात आणि आतून मात्र अगदी वेगळे असतात.

सगळ्यात साधा म्हणजे मी तिसऱ्या खेपेनंतर लावलेला: बॉलच्या शेजारी छोटा बॉल, त्यातून ट्रेलरच्या फ्रेमपर्यंत सरकणारी पट्टी आणि मध्ये ब्रेकच्या पॅडसारखी घर्षणाची गादी. मूठ पिळली की घट्ट होतो. हलक्या ट्रेलरला चालतो. लांब, जड ट्रेलरला एक पुरत नाही, आणि बहुतेक पट्ट्या उलटं जाण्याआधी काढाव्या लागतात, नाहीतर पट्टी वाकते. निसरड्या रस्त्यावर तो सैल करायला सांगतात, कारण तिथे तो गाडीला वळूच देत नाही. म्हणजे ज्या दिवशी भीती जास्त, त्या दिवशी तो बंद! मला हा प्रकार कधीच पटला नाही.

त्यापुढचे प्रकार स्प्रिंग बारांनाच कामाला लावतात. एकात बारांची मागची टोकं कंसात घासत सरकतात आणि पुढची हिचच्या डोक्यात घासतात. चारही जागी घर्षण, म्हणून त्याला चार बिंदूंचा म्हणतात. वेगळी पट्टी नाही, उलटं जाताना काही काढायचं नाही. घासण्याचा आवाज येतो, वळणावर चक्क कण्हल्यासारखा, आणि तो आवाज ऐकून लोक त्या कंसांना ग्रीस लावतात. तसं केलं की स्वे कंट्रोल संपला. उत्पादक जिथे ग्रीस लावायला सांगतो तिथेच लावायचं.

दुसऱ्यात बारांच्या टोकांना खाच असते आणि ती फ्रेमवरच्या कॅमवर, म्हणजे एका उंचवट्यावर, बसते. सरळ चालताना बार खाचेत रुतून बसतो, बाजूला जायचं म्हटलं की त्याला चढण चढावी लागते, त्यामुळे ट्रेलरला परत सरळ व्हायची ओढ असते. पण ही ओढ बारांवरच्या ताणातून येते. टंग वेट कमी, बार सैल, तर कॅमची पकडही ढिली. माझ्यासारख्या परतीच्या भाराला हा नेमका हवा तेव्हाच कमजोर पडला असता.

हे सगळे स्वे सुरू झाल्यावर त्याला विरोध करतात. एक प्रकार मात्र मुळालाच हात घालतो. त्यात बॉल आणि गाडी यांच्यामध्ये चार सांध्यांची चौकट असते आणि तिच्या भूमितीमुळे ट्रेलर जणू मागच्या ॲक्सलजवळच्या एका काल्पनिक बिंदूभोवती वळतो. जिम हेन्स्ली यांच्या रचनेतून आलेले हेन्स्ली ॲरो आणि प्रोप्राइड हे हिच या जातीचे. ट्रेलरने गाडीचं बूड बाजूला ढकलायला जी तरफ लागते, तीच आखूड होते. जड असतात, महाग असतात, जोडताना अचूक रांगेत यावं लागतं. लांबलचक ट्रेलर आणि आखूड व्हीलबेस अशी जोडी असेल तर त्यांचा विचार करावा. पण तेही मागे जड झालेल्या ट्रेलरवरचं औषध नाहीत. तसं औषध कुठल्याच हिचमध्ये नसतं.

युरोपात याउलट नाकावर भारच कमी ठेवतात, ट्रेलर हलके असतात आणि बॉललाच घट्ट चिमटणारे घर्षणाचे कपलर वापरतात. तिथे बॉल कोरडा, ग्रीस पुसलेला हवा. तिकडचा सल्ला इकडे आणि इकडचा तिकडे वापरला की गोंधळ होतो, एवढ्याचसाठी हा उल्लेख.

घेण्याआधी ट्रेलरही तपासा. ए-फ्रेमवर बार बसायला पुरेशी लांबी आहे का, गॅसचे सिलिंडर किंवा जॅक कंसाच्या आड येतात का. आणि ब्रेक कुठले आहेत? ट्रेलर पुढे रेटला गेला की कपलर आत सरकून लागणारे सर्ज ब्रेक असतील, तर अनेक हिच, विशेषतः घर्षणाची पट्टी, त्या सरकण्यालाच अडवतात. अशा ट्रेलरला उत्पादकाची स्पष्ट परवानगी असलेलाच हिच घ्यावा.

बसवताना

ट्रेलर सपाट, फार तर नाक किंचित खाली. नाक वर असेल तर बॉलची उंची आधी बदला, बार ताणून नाक खाली आणू नका. पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची तीनदा मोजा, वजनांसारखीच. समजा जोडल्यावर पुढची कमान ४० मिलिमीटर उचलली गेली आणि पुस्तिका निम्मं म्हणते, तर बार लावल्यावर २० परत यायला हवेत. कमी आले तर हिचचं डोकं एका वॉशरने मागे कलवा किंवा साखळीची एक कडी वर घ्या. जास्त आले तर उलट. नंतर एकदा काट्यावर जाऊन खात्री करा. बॉलचं नट हाताच्या अंदाजाने आवळायचं नसतं. सव्वा इंची दांड्याच्या बॉलला साधारण ६०० न्यूटन-मीटरपर्यंत टॉर्क लागतो आणि घरच्या पान्याने तेवढा येत नाही. पहिल्या प्रवासानंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

बार लावताना-काढताना कपलर बॉलवर बंद करून जॅकने गाडीचं बूड आणि नाक दोन्ही वर उचला, म्हणजे ताण निघतो. ताणलेल्या बारावर लिव्हर घालून झटका मारणारे लोक मी पाहिले आहेत. तो लिव्हर उलटा आला तर हाड मोडतो.

तरीही डोलला तर

टंग वेट ठीक, बार ठीक आणि तरी डोलतोय, तर टायरकडे बघा. गाडीच्या मागच्या टायरांत भाराला लागणारी हवा नसेल तर त्यांच्या भिंती लवचिक होऊन बूड सैल होतं, आणि ते अगदी स्वेसारखं जाणवतं. ट्रेलरचे टायर थंड असताना, टायरवर कमाल भारासाठी लिहिलेल्या दाबाला भरा. अनेक ट्रेलर टायरांची वेगमर्यादा ताशी १०५ किलोमीटर असते. मग ट्रेलरखाली वाकून पाट्यांच्या स्प्रिंगांचे बुश, दोन ॲक्सलांमधला इक्वलायझर आणि ॲक्सल वाकलाय का, ते बघा. एकाच टायरची एकच कड झिजत असेल तर उत्तर तिथेच आहे. रिसीव्हर अडीच इंची आणि हिचचा दांडा दोन इंची असेल तर मधल्या नळकांड्यातला खडखडाटही ऐका.

आणि प्रत्यक्ष डोलायला लागला तर: ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद उचला, स्टिअरिंग सरळ धरा, हेलकाव्याच्या उलट फिरवायच्या नादी लागू नका. ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावता येणारा कंट्रोलर असेल तर फक्त ते, हाताने. गाडीचा ब्रेक दाबलात तर ट्रेलर मागून गाडीवर चढतो. वेग वाढवून सरळ करायचा सल्ला जुने लोक देतात. उतारावर तो सल्ला मला तरी आत्मघातकी वाटतो.

माझं पुढे काय झालं

१००० पौंडांचे बार घेतले, चार बिंदूंच्या घर्षणाच्या हिचसकट. २० किलोंची हत्यारांची पेटी ट्रेलरच्या मागच्या कप्प्यातून पुढच्या पेटीत आणली. नुसत्या त्या एका पेटीने नाकावर २६ किलो वाढले. डिकीतलं २० किलो सामान मागच्या सीटच्या पायाशी, ॲक्सलच्या पुढे सरकवलं. आणि परतीला निघण्याआधी सांडपाण्याची टाकी जिथे सोय असेल तिथे रिकामी करायची, आळस करायचा नाही.

आता जाताना नाकावर ३९८ किलो असतात, १३.३ टक्के. डिकीतले उरलेले ३० धरून बारांवर ४२८, म्हणजे सुमारे ९४० पौंड. येताना ट्रेलर २७९५ आणि नाकावर ३३०, ११.८ टक्के. परतीच्या भाराला साखळी एक कडी सैल करतो आणि पुढची कमान मोजून घेतो, दोन मिनिटांचं काम. त्याच उतारावर गेल्या खेपेला मुद्दाम आरशात बघत होतो. एक ट्रक शेजारून गेला, ट्रेलर एकदा हलला आणि जागेवर आला. जाड बार मात्र अजून घरी पडून आहेत, कुणी घ्यायला तयार नाही.